गावठी वेलवाल, मिरची आणि दुधी: बियाणं घरच्या घरी कसं टिकवावं? सल्ला हवाय

मांडव (डोंबिवली)
नमस्कार मंडळी. गुहागरजवळच्या गावातून आत्याने तीन पुड्या दिल्या आहेत. मांडवावर चढणारा वाल, आखूड तिखट मिरची आणि लांब मानेचा दुधी. आत्याचं आता वय झालंय, यंदा तिने शेत लावलंच नाही. हा वाल गावात दुसऱ्या कुणाकडे उरलेला नाही, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

माझ्याकडे इमारतीच्या गच्चीचा एक कोपरा आणि मोठ्या पिशव्या आहेत. वाल जूनमध्ये लावला. वेल दणकून वाढलाय, पण नवरात्र आलं तरी एक फूल नाही. सोसायटीतले म्हणतात, वांझ वेल आहे, उपटा. मिरचीला फुलं लागली आहेत, पण शेजारच्या गच्चीवर ढोबळी आणि बाजारची लवंगी दोन्ही आहेत. बी शुद्ध राहील का? आणि धरलेलं बी डोंबिवलीच्या दमट हवेत टिकवायचं कसं?

खलाटी (अलिबाग)
ताई, वेल उपटू नका! जुना वेलवाल दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलावर येत नाही. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरात अकरा तासांवर येतो. हा वाल त्या घसरणीची वाट बघतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कळ्या दिसतील आणि पौषात शेंगा धराल. विद्यापीठांनी काढलेल्या बुटक्या जाती कधीही फुलतात, त्यामुळे लोकांना हे ठाऊकच राहिलेलं नाही. आमच्याकडे भात काढल्यावर ओलीवर पेरतात तो कडवा वाल वेगळा, त्याच्याशी गल्लत करू नका.

गच्चीवर रात्रभर दिवा जळतो का, ते आधी बघा. वेलावर थेट उजेड पडत असेल तर त्याच्या लेखी रात्र होतच नाही आणि फूल लांबतं. तेवढ्या बाजूला जाड गोणपाट लावा. शेणखत आणि पाणी दोन्ही आता आवरतं घ्या, नाहीतर पालाच पाला.

वालाचं परागण बहुतेक आपल्या आपणच होतं, पण काळे भुंगे फुलांत घुसतात आणि थोडी सरमिसळ होते. आसपास दुसरा वाल किंवा पावटा नसेल तर चिंता नको. बी एकाच वेलाचं धरू नका. जितके वेल असतील त्या प्रत्येकाच्या चार-चार शेंगा धरा, म्हणजे वाणातला सगळा गुण पुढे जातो. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पडून पान आक्रसलेलं असेल तर त्या वेलाचं बी मुळीच घ्यायचं नाही. काही विषाणू बियांतून उतरतात.

गच्चीशेती (पुणे)
मिरचीचं सांगते. मिरचीचं फूल स्वतःचं स्वतः फळतं, पण मधमाशी आली की शेजारचा पराग आणतेच. ढोबळी आणि लवंगी इतक्या जवळ असताना उघड्या फुलांचं बी धरू नका. सरमिसळ झाली तरी यंदाच्या मिरचीत काहीच दिसत नाही. पुढच्या वर्षी त्या बियांची झाडं वाढली की अर्धवट फुगीर, निम्म्या तिखटाच्या मिरच्या लटकतात, आणि तोवर मूळ बी संपलेलं असतं.

उपाय सोपा आहे. मच्छरदाणीच्या कापडाची वीतभर पिशवी शिवा. ज्या फांदीवर मिटलेल्या कळ्या भरपूर आहेत, तिथली उमललेली फुलं आणि धरलेल्या मिरच्या तोडून टाका, मग पिशवी चढवून देठाशी सैल बांधा. रोज सकाळी फांदीला हलकी टिचकी मारा, आतल्या आत पराग झडतो. चार-पाच बोंड्या धरल्या की पिशवी काढा आणि त्या देठांना लाल दोरा बांधा. दोरा विसरू नका, नाहीतर घरातलं कुणीतरी फोडणीला तोडून नेतं. मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊन सुरकुतू लागली की काढायची. बी सावलीत वाळवा आणि काढताना हातमोजे घाला.

काणकोण
गच्चीशेतीताईंशी सहमत. आमच्या खोल नावाच्या गावच्या मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाने नाव राखलं जातं, वाण मात्र शेतकऱ्यानेच राखावा लागतो. इथे ती डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते. तेच बी कुंडीत लावलं तर झाड येतं, पण सगळी वर्षं कुंडीतलंच बी धरत गेलात तर कुंडीला मानवणारी झाडंच आपोआप निवडली जातात. शक्य असेल तर एक-दोन वर्षांआड बी पुन्हा गावच्या मातीत फिरवून आणा.

परसदार (संगमनेर)
दुधीकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. तिघांत अवघड तोच, कारण नर आणि मादी फूल वेगवेगळं आणि पराग किडेच नेतात. आसपास कुठेही दुसरा दुधी असेल तर हातानेच फळवा.

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. दुपारी वेल बघा. ज्या कळ्यांची टोकं पांढरी होऊन सैलावली आहेत, त्या त्याच दिवशी उमलणार. मादी कळीच्या खाली बोटाएवढा लवदार दुधी दिसतो, नराला नुसता लांब देठ. दोन्ही कळ्यांची तोंडं दोऱ्याने बांधून ठेवा. अंधार पडताना दोन्ही सोडा, नर तोडून पाकळ्या मागे दुमडा आणि त्याचा मधला भाग मादीच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा. नर दुसऱ्या वेलाचा असेल तर उत्तम. मग मादी फूल परत बांधा, देठाला खूण करा. हा दुधी भाजीला काढायचा नाही. साल लाकडासारखी होऊन आत बिया खुळखुळेपर्यंत वेलावर राहू द्या.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. कडू जातीशी सरमिसळ झाली तर पुढच्या पिढीचा दुधी कडू निघू शकतो आणि कडू दुधी विषारी असतो. शिजवण्याआधी कच्चा कण जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका, अख्खं फळ फेका आणि त्या वेलाचं बी धरू नका.

खलाटी (अलिबाग)
साठवणीचं राहिलं. बियांतला ओलावा एक टक्क्याने उतरला की आयुष्य साधारण दुप्पट, आणि तापमान पाच अंशांनी उतरलं तरी साधारण दुप्पट. म्हणून आधी वाळवण, मग फ्रीज. ओलसर बी फ्रीजमध्ये ठेवण्यात अर्थ नाही.

शेंग वेलावरच खडखडीत वाळू द्या. दाणा दाताखाली धरा. दात रुतला तर ओला, कटकन फुटला तर झाला. डोंबिवलीत उन्हानंतरही हवा ओलावा परत देते, म्हणून तांदूळ मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजा, बंद बरणीत गार करा, त्यात बियांची कापडी पुरचुंडी टाकून झाकण घट्ट लावा. आठवड्याने तांदूळ बदला. वालाचे दाणे पोखरणाऱ्या छोट्या भुंग्याची (फुलांतला काळा भुंगा वेगळा) अंडी शेतातूनच दाण्यांबरोबर येतात, तेव्हा चांगलं वाळलेलं बी आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवून मग बरणीत भरा. बरणी बाहेर काढली की खोलीच्या उबेला येऊ द्या, मगच उघडा, नाहीतर बियांवर दव धरतं. राख आणि कडुनिंबाचा पाला हे आईचे उपाय मी अजूनही करतो, वर्षभराच्या साठवणीला पुरतात.

सगळं बी एका वर्षी कधीच पेरू नका. निम्मं मागे.

मांडव (डोंबिवली)
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! वेलावर खरंच इमारतीचा मोठा दिवा पडतो, आजच गोणपाट बांधते. अजून दोन शंका. आत्याकडे बरक्या फणसाचंही एक झाड आहे, त्याच्या आठळ्या अशाच ठेवता येतील? आणि बी पोस्टाने कुणाला पाठवलं तर कायद्याची अडचण येते का?

परसदार (संगमनेर)
आठळी वाळली की मेली. फणस, आंबा, कोकम यांचं बी साठवता येत नाही, ताजं असतानाच रुजवावं लागतं. आणि बीचं झाड आईसारखं निघेलच असं नाही. गावच्या रोपवाटिकेकडून काडी घेऊन कलमं बांधून घ्या, तीही लवकर.

कायद्याचं म्हणाल तर २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, अदलाबदलीचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही, इतकंच. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियांची बँक उभी केली आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एकदा तिथे जाऊन या. गाडग्या-मडक्यांवर वाणांची नावं वाचताना कळतं, काय काय आपल्या ताटातून गेलंय.

पुडीवर वाणाचं नाव, गाव, कोणाकडून आलं आणि साल लिहा. आत्या तो वाल कसा शिजवते तेही आत्ताच विचारून लिहून ठेवा.

काणकोण
ताई, शेंगा वाळल्या की मूठभर वाल मला पाठवाल? माझ्या कुंपणाला दुसरा वाल नाही, मळाही डोंगरउताराचा आहे. आमच्याकडे एक वाटी बी घेतलं की दोन वाट्या परत द्यायची रीत आहे. त्या हिशोबाने परत पाठवीन, आणि तुमचं गेलंच कधी तर इथलं हक्काने मागा.