नळाला सकाळी पिवळसर पाणी, घरात तान्हं बाळ. आरओ घेऊ की आधी तपासून घेऊ?

मृद्गंध:
आठवडाभर सकाळी नळ सोडला की पाणी पिवळसर येतं, दोन-चार मिनिटांनी निवळतं. बाळ सहा महिन्यांचं, आत्ताच पाणी पाजायला लागलोय. जीव थाऱ्यावर नाही. काल फिल्टरवाल्याने ग्लासात दोन सळया बुडवून वीज सोडली, तर पाणी बघता बघता तपकिरी! टीडीएस ४२० आला. आरओ लगेच घ्या म्हणाला. घेऊ का?

जुनीविहीर:
थांबा, पैसे भरू नका. पाणी तपासणीत बरीच वर्षं काढली आहेत, या सळयांच्या प्रयोगाचा मला मनापासून संताप येतो. त्यातली एक सळी लोखंडाची असते. वीज गेली की लोखंडच झिजून पाण्यात उतरतं. तो गाळ सळीचा, तुमच्या पाण्याचा नाही. आरओच्या पाण्यात क्षार कमी, वीज नीट वाहत नाही, म्हणून ते तसंच राहतं. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. त्यात जंतू कळत नाहीत. टीडीएस ५० असलेल्या पाण्यानेही जुलाब होऊ शकतात.

पिवळेपणा बहुधा गंजाचा, रात्रभर पाइपात साचलेल्या पाण्यात उतरलेला. पण अंदाजावर राहू नका. ई-कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू) तपासून घ्या, १०० मिलीत एकही नको. क्लोरीन नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं हवं. बाळासाठी नायट्रेट (मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम) आणि शिसं नक्की बघा. उकळून ही दोन्ही जात नाहीत, पाणी आटेल तशी उलट दाट होतात.

जंतूंचा नमुना प्रयोगशाळेच्याच निर्जंतुक बाटलीत घ्या, नळ दोन मिनिटं वाहू देऊन. शिशाचा मात्र सकाळचा अगदी पहिला.

सांजवेळ:
टाकी बघितलीत का? आम्ही दोनदा मशीन बदललं, तरी जंतू येतच होते. शेवटी वर चढून पाहिलं, तर झाकण तडकलेलं आणि आत पक्ष्याची पिसं. नमुना टाकीच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही द्या.

मृद्गंध:
आत्ताच बघून आले. पिवळं फक्त स्वयंपाकघरात येतंय, न्हाणीघरात स्वच्छ. टाकी उद्या उघडते. अहवाल येईपर्यंत बाळाला काय देऊ?

जुनीविहीर:
म्हणजे दोष त्या एका पाइपात असावा, प्लंबरला दाखवा. तोवर पिण्याचं पाणी न्हाणीघरातल्या थंड नळाचं घ्या, गरम नळाचं नको. तेही आधी थोडं वाहू द्या, खळखळून उकळा आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. अहवाल आला की आकडे इथे टाका, मी बघतो.