होल सॉ: वेगाइतकीच पकडही महत्त्वाची

होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावून मोठं गोल भोक कापणारी दातेरी कडेची वाटी, चालवताना वेग कमी ठेवा असं सांगतात, ते बरोबरच. त्यात थोडी भर. ५० मिमीच्या पुढचा होल सॉ लावला की ड्रिलला साइड हँडल हवंच. दात अडकले तर मशीन मनगटासकट फिरतं. सैल हातमोजे मात्र नकोत, फिरत्या दातांत ओढले जातात.

प्लायला एकाच बाजूनं आरपार जाऊ नका. पायलट बिटचं (सॉच्या मधोमध असलेल्या बारीक ड्रिल बिटचं) टोक पलीकडे दिसलं की थांबायचं आणि त्याच छिद्रातून उलट बाजूनं उरलेलं कापायचं. कडा फुटत नाही.

खरी पंचाईत आधीचं भोक मोठं करताना होते, कारण पायलटला धरायला काहीच नसतं. अशा वेळी प्लायच्या तुकड्यात हव्या मापाचं भोक पाडा, तो क्लॅम्पनं जुन्या भोकावर आवळा आणि पायलट काढूनच सॉ चालवा. तुकड्यातल्या भोकाची कडाच सॉला जागेवर धरते.