आर्क्टिकचा बर्फ संपणार होता ना?

निवांत: 2009 साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेत अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर म्हणाले होते, पाच-सात वर्षांत आर्क्टिक समुद्र उन्हाळ्यात काही महिने बर्फाविना असण्याची 75 टक्के शक्यता आहे. झालं का तसं? 2012 च्या सप्टेंबरात बर्फ साधारण 34 लाख चौरस किलोमीटरवर आला, तो नीचांक 2025 मध्येही मोडला नाही. ज्योतिषाचं एवढं चुकलं असतं तर आपण दक्षिणा परत मागितली असती. मुलांना मात्र रोज घाबरवणं चालूच.

खारा वारा: गोर राजकारणी, हिमशास्त्रज्ञ नव्हेत. नीचांक मोडला नाही हे खरंच, पण 1980 च्या दशकात सप्टेंबरातही 70 लाखांच्या आसपास बर्फ असायचा, तो आकडा का गाळलात?
शिवाय तुम्ही बर्फच चुकीचा निवडलात. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळून पाण्याची पातळी जवळपास वाढत नाही. ती वाढवतो जमिनीवरचा. ग्रेस उपग्रह 2002 पासून गुरुत्वाकर्षणातल्या फरकावरून त्याचं वजन काढतात. एकटं ग्रीनलँड वर्षाला सरासरी 270 अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावतंय.

निवांत: आणि अंटार्क्टिकावर 2021 ते 2023 मध्ये बर्फ वाढला, त्याची बातमी कुणी पहिल्या पानावर छापली?

खारा वारा: तेव्हा तिथे नेहमीपेक्षा जास्त बर्फ पडला. गरम हवा बाष्पही जास्त वाहून आणते. दोन-तीन वर्षांच्या जमेवर खूश होऊ नका, तिथल्याच थ्वेट्स हिमनदीला खालून कोमट समुद्र पोखरतोय. ती अख्खी गेली तर जगभर समुद्र 60 सेंटिमीटरहून जास्त चढेल. उद्या नाही, त्याला बराच काळ लागेल.

सांजवेळ: घाबरवण्याबद्दल माझं मत निवांत यांच्याच बाजूनं, कारण मात्र वेगळं. थ्वेट्सला 'प्रलयाची हिमनदी' म्हटलं की माणूस हताश होतो नाहीतर चॅनल बदलतो. शाळेच्या प्रोजेक्टमध्ये तर ठरलेलं, तुकड्यावर उभं पांढरं अस्वल! त्यापेक्षा मुंबईत मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आला की नाल्यांचं पाणी समुद्रात का उतरत नाही, हे शिकवा. पोरांना लगेच कळेल.

निवांत: नाल्यांचं मान्य. पण ते महापालिकेचं काम, त्यात ग्रीनलँड कुठून आलं?

खारा वारा: पंप किती ताकदीचे आणि नाल्यांची तोंडं किती उंचीवर हे ठरवताना पुढच्या पन्नास वर्षांतली समुद्रपातळी धरावी लागते. तो हिशेब ग्रीनलँड वगळून कसा करणार?