फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून ग्रॅव्हल सायकलिंग, मोटारी अजिबात नकोत: मार्ग सुचवा

नदीकाठ
नमस्कार मंडळी. जूनमध्ये बाबांना (वय ६६) घेऊन बहिणीकडे पॅरिसला जाते आहे. त्यातला एक आठवडा आम्हा दोघांना फ्रान्सच्या ग्रामीण भागात सायकल चालवायची आहे. मुरुमाची, मातीची वाट चालेल, किंबहुना तीच हवी. पण मोटारी नकोत. गेल्या वर्षी पौड रस्त्यावर बाबांना मागून दुचाकीने उडवलं. तेव्हापासून मागे इंजिनाचा आवाज आला की ते उतरून कडेला उभे राहतात. त्यामुळे "रहदारी कमी असते" हे उत्तर आम्हाला पुरत नाही. दिवसाला ४० किमी पुष्कळ झाले. पॅरिसपासूनची ट्रेन, सायकलींचं भाडं, राहणं-खाणं सगळं धरून दोघांचं बजेट ८०० युरो. तंबू आमचा आहे.

सह्यपठार
यात विचारायचं काय? कनाल द्यु मिदी, दक्षिण फ्रान्समधला कालवा. तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या 'तो' (Thau) नावाच्या सरोवरापर्यंत २४० किमी. पिएर-पोल रिके या माणसाने सतराव्या शतकात खोदवून घेतला, १६८१ मध्ये सुरू झाला, १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. बेझिएला फोन्सेरानची पाण्याची पायरी-पायरीची दारं बघाच. मी माझी कार्बनची ग्रॅव्हल सायकल इथून नेली होती, ४० मिमी टायर, मक्खन! भाड्याच्या सायकलीवर हा मार्ग वाया घालवू नका.

तुलूझकर
सह्यपठार, तुम्ही म्हणता तसं मक्खन पहिल्या पन्नासेक किमीपर्यंत, कारण तिथे डांबर आहे. मी इथेच राहतो. पुढे ओद जिल्हा लागला की वाट अरुंद होते, झाडांची मुळं वर आलेली, एका बाजूला थेट पाणी. पाऊस पडून गेला की चिखल. शिवाय २००६ पासून बुरशीच्या रोगाने चिनारांची रांगच्या रांग तोडावी लागली आहे. फोटोतली ती सावली सगळीकडे मिळेल असं धरून चालू नका, आणि जूनमध्ये ऊन असतं. जाणारच असाल तर तुलूझकडून समुद्राकडे जा, वायव्येचा वारा पाठीशी राहण्याची शक्यता जास्त.
मी पासा-पाई सुचवेन. माझामे ते बेदारियो, पाऊणशे किमीच्या आसपास, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर दाबलेल्या बारीक खडीची वाट. रेल्वेचाच चढ, म्हणजे गुडघ्यांना त्रास नाही. ओलार्गला आयफेलच्या कारखान्यातला लोखंडी पूल आहे. बोगदे आहेत, दिवा हवा. तुलूझहून माझामेला ट्रेन जाते, बेदारियोहून बेझिएला ट्रेन मिळते. मोटारी फक्त रस्ता ओलांडताना दिसतील.

लांबपल्ला
ल्वार नदीकाठचा सायकलमार्ग, ल्वार आ व्हेलो, करा. ९०० किमी, राजवाडे, द्राक्षमळे. नदीकाठची हॉटेलं सुंदर, १२०-१३० युरोत उत्तम खोली मिळते, सकाळचा नाश्ता वेगळा. आणि स्वतःच्या सायकली खोक्यात भरून न्या, भाड्याच्या सायकलीची खोगीर दुसऱ्या दिवशी छळते.

नदीकाठ
धन्यवाद. पण १३० युरोची खोली घेतली तर आठवड्याचे पैसे खोल्यांतच संपतील. आणि ल्वारच्या मार्गात गावचे रस्ते मोटारींसोबतचे आहेत ना?

लांबपल्ला
आहेत, पण रहदारी कमी असते.

मोगरा_ल्यों
इथे एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे नकाशा बघताना घोळ होणार नाही. "व्हेलोरूट" अशी पाटी असेल तर मार्ग सायकलींसाठी आखलेला असतो, पण त्यात मोटारींचे छोटे रस्ते येऊ शकतात. "व्होआ व्हेर्त" म्हणजे पायी, सायकल आणि काही ठिकाणी घोडा. मोटारींना बंदी, कायद्याने. निळ्या चौकोनी पाटीवर चालणारी माणसं, सायकल आणि घोडेस्वार दिसतात. काकांसाठी तुम्हाला व्होआ व्हेर्तच हवं. देशातलं पहिलं १९९७ मध्ये आमच्याकडे बरगंडीत झालं, जिव्री ते क्ल्युनी, ४४ किमी. मात्र त्यावर डांबर आहे.

पंक्चरमुक्त
मार्ग कुठलाही घ्या, ट्यूबलेस घ्या. माझ्या टायरला काटे लागले, आपोआप बुजले.

सह्यपठार
ट्यूबलेसमधला भोकं बुजवणारा द्रव सुकला की रस्त्यात बसून रडावं लागतं. साधी ट्यूब, दोन जादा, हातपंप. लडाखला यावरच गेलो.

पंक्चरमुक्त
लडाखचा आणि बाभळीचा अनुभव वेगळा. आमच्या नगर बाजूला साधी ट्यूब घेऊन फिरून दाखवा.

आडवाट७
वरचं सगळं वाचलं नाही, पण कनाल द्यु मिदीला +१. सपाट आहे, काकांना सोपं.

मालवणी_चाक
पश्चिम फ्रान्समधल्या नांत-ब्रेस्त कालव्याला मात्र चुकूनही जाऊ नका. दिवसभर तेच. पाणी, बारीक खडीची वाट, दोन्हीकडे झाडं, बगळे, दर थोड्या वेळाने पाण्याचं दार आणि दारवाल्याचं घर. मैलोन्मैल गाव नाही, कॅफे नाही, मोटार दिसत नाही, माणूसही नाही. मी कंटाळून रेडोंला ट्रेन पकडली.

नदीकाठ
मालवणी_चाक, मोटार दिसत नाही म्हणजे खरंच नाही?

मालवणी_चाक
दारवाल्यांची एखादी गाडी दिसली असेल. बाकी नाही. म्हणूनच तर कंटाळा.

रेनवासी
आता मला बोलू द्या, मी या कालव्यावर वर्षभर जाते. संपूर्ण कालवा साडेतीनशे किमीच्या वर आहे. इंग्रजांच्या आरमाराने ब्रेस्त बंदराची नाकेबंदी केली, तेव्हा समुद्रात न उतरता माल न्यायला नेपोलियनच्या काळात तो खोदायला घेतला. तुम्हाला सगळा करायची गरज नाही.
नांत शहरातून सायकलीवर निघू नका. एर्द्र नदीच्या काठाने सलग वाट नाही, मोटारींचे रस्ते लागतात. नांतहून शातोब्रियांची ट्राम-ट्रेन धरा, नॉर-सुर-एर्द्रला उतरा, सायकल आत घेता येते. तिथून जवळच कालव्याची वाट धरता येते. ब्लँ, गेनरुए, रेडों. पुढे उस्त नदीच्या काठाने मालेस्त्रुआ आणि जोसलँ. रेडोंनंतर ईल-ओ-पी इथे नदीच्या दोन्ही बाजूंना कडे आहेत, तिथे थांबा. जोसलँला पाण्यातूनच उठल्यासारखा रोआं घराण्याचा किल्ला आहे. रेडों ते जोसलँ साठेक किमी, तुमच्या हिशेबाने दोन दिवस. जोसलँला रेल्वे नाही, म्हणून त्याच वाटेने रेडोंला परत या. परतीची ट्रेन रेडोंहून. पोंतिव्हीच्या पुढे गेर्लेदांच्या धरणाने कालवा तोडलाय, तिथे वळसे आणि चढ आहेत, तो भाग सोडा.
राहायला नगरपालिकेची कँपिंगं. कालव्याच्या गावांत बऱ्याच ठिकाणी आहेत, हॉटेलच्या तुलनेत फार स्वस्त. पाण्याच्या बाटल्या गावच्या दफनभूमीतल्या नळावर भरतात, फक्त "ओ नॉं पोताब्ल" लिहिलं असेल तर पिऊ नका. दुकानं दुपारी बंद, रविवारी दुपारनंतर आणि पुष्कळ ठिकाणी सोमवारीही बंद. शनिवारी सामान भरून ठेवा.

मोगरा_ल्यों
शाकाहारी असाल तर ब्रेतान्यमध्ये, म्हणजे या कालव्याच्या भागात, सोय होते. कुट्टूच्या पिठाची गालेत आपल्या घावनासारखी पातळ असते, चीज आणि मशरूम घालून मागा. हॅम नको हे आधी सांगा.

घाटमाथा
शिकारीचा मोसम बघा! जंगलात गोळ्या चालतात.

रेनवासी
तो साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारी. जूनमध्ये सहसा काळजी नाही. हिवाळ्यात मात्र रेडोंजवळ पाणी वाटेवर येतं.

तुलूझकर
तरीही सांगतो, पासा-पाईचे डोंगर कालव्याला येणार नाहीत. पॅरिसहून तुलूझची टीजीव्ही (अतिजलद ट्रेन) घ्या.

नदीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. नॉर ते रेडों ते जोसलँ आणि परत रेडों. मालवणी_चाक यांनी जे जे कंटाळवाणं म्हणून लिहिलं ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, ते म्हणाले हेच बुक कर. पासा-पाई मला फार आवडलं, पण पॅरिसहून दक्षिणेपर्यंतची दोघांची तिकिटं बजेटमध्ये बसत नाहीत. ग्रॅव्हल बाईकही घेत नाही. नांतला भाड्याने साध्या टूरिंग सायकली मिळताहेत, सरळ हँडल, रुंद टायर, मागे कॅरियर, ग्रॅव्हलच्या जवळजवळ निम्म्या भाड्यात. बाबांना वाकलेलं हँडल नकोच आहे. राहण्याचं कँपिंग, फक्त जोसलँला एक रात्र खोली.

सह्यपठार
टूरिंग सायकल जड पडेल. पस्तावाल.

रेनवासी
सपाटीवर नाही पडणार. नदीकाठ, घंटी आहे का ते सायकल घेतानाच बघा, वाटेवर पायी चालणाऱ्यांना पहिला मान. आणि परतीच्या टीजीव्हीत तुमच्याकडे सायकल नसणार, त्यामुळे वेगळं आरक्षण लागणार नाही. सायकली नांतला परत करायच्या असतील तर रेडोंहून नांतची साधी टेअर (प्रादेशिक) ट्रेन बघा. उन्हाळ्यात सायकलींच्या जागा भरतात, सकाळची गाडी धरा.

आडवाट७
कनाल द्यु मिदी फायनल झालं का?