बाबांसाठी जुनं एचएमटी जनता घड्याळ घ्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बाबांचं चावीचं एचएमटी जनता प्रवासात हरवलं. पुढच्या महिन्यात त्यांना ७५ पूर्ण होतील, तेव्हा अगदी तसंच हातात द्यायची फार इच्छा आहे. ऑनलाइन एक सापडलंय. केसवर, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचावर ओरखडे, पितळ उघडं पडलंय, पण डायल मात्र कोरी करकरीत! फोटो मोठा केला तर अक्षरं फुगीर, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. डायल नव्याने रंगवलेलीच असणार ना? मागचं झाकण उघडून फोटो मागितला, तर विक्रेता टाळतो, वर "आजच पूर्ण पैसे यूपीआय करा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय." आत १७ ज्वेलचं (झीज कमी करणारे बारीक खडे) मूळ मशीन आहे की जोडतोड, हे कसं ओळखायचं? पुण्यात घड्याळ तपासून देणारा विश्वासू कारागीर कुणाला माहीत आहे का?