रो-हाऊसच्या गॅरेजात ईव्ही चार्जिंग: मीटर पुढे, गाडी मागे, मधे २८ मीटर

निफाडकर:
नाशिकला रो-हाऊस आहे. महावितरणचा सिंगल फेज मीटर पुढच्या कंपाउंडच्या भिंतीत, गॅरेज मागे. वायर ज्या वाटेने न्यावी लागेल ती २८ मीटर भरते. बिलावर मंजूर भार ३ किलोवॅट. घरात दीड टनाचा एक एसी, २ किलोवॅटचा गिझर, एक एचपीची मोटर. ४५ युनिट बॅटरीची गाडी बुक केली आहे, रोजचं जाणं-येणं ५० किमीच्या आसपास.

डीलरकडचा माणूस म्हणतो, थ्री फेज घ्या आणि ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा मोठा चार्जर, लावा. आमचा वायरमन म्हणतो, गॅरेजात १५ अँपिअरचा पॉइंट आहेच, त्यावरच लावा, काही होत नाही. तो पॉइंट घरातल्या डीबीवरून (सगळ्या लाइनी जिथून वाटल्या जातात तो स्विचांचा डबा) २.५ एमएम वायरने आलाय आणि त्याच डीबीवर इन्व्हर्टर आहे. घर १९९८चं. मीटरजवळ अर्थिंगचा जुना खड्डा आहे, पाइप वरून गंजलेला दिसतो.

कुणाचं ऐकू? वायर कोणती टाकू? ईव्हीसाठी वेगळा मीटर घेण्यात अर्थ आहे का? सोलरचा विचार पुढच्या वर्षी आहे.

ताराबंद:
दोघांचंही ऐकू नका.

आधी गरज बघा. अशी गाडी शहरात एका युनिटला साधारण ७ किमी जाते. ५० किमीला ७ युनिट, चार्जिंगमधली १०-१२ टक्के घट धरून मीटरवर ८. गाडीबरोबर येणारा पोर्टेबल चार्जर १३ अँपिअरच्या आसपास खेचतो, म्हणजे तासाला जेमतेम ३ युनिट. रोजचं काम पावणेतीन तासांत उरकतं. १० टक्क्यांवरून पूर्ण भरायची तर १५ तास लागतील, पण अशी वेळ महिन्यातून किती वेळा येणार? वॉलबॉक्स आज नको. थ्री फेज तर मुळीच नको.

पण जुना पॉइंटही नको. गिझर वीस मिनिटं चालतो आणि कटआउट होतो. गाडी त्याहून जास्त अँपिअर सलग तीन तास, कधी दहा तास ओढते. २८ मीटर २.५ एमएममध्ये १३ अँपिअरला जाऊन-येऊन ६ व्होल्ट पडतात, म्हणजे ७५ वॅट नुसते वायर तापवण्यात जातात. तेवढं वायर सोसेलही. सोसत नाही ते सॉकेट. साध्या मॉड्युलर सॉकेटची पितळी पट्टी सैल पडते, तिथे ठिणगी, मग प्लेट पिवळी, मग पिनेभोवतीचं प्लास्टिक विरघळतं. एमसीबी (करंट जादा झाला की आपोआप पडणारा स्विच) काही पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. जळक्या सॉकेटचे फोटो दिसतात त्यातले बहुतेक याच जातीचे.

मीटरपासून स्वतंत्र लाइन काढा, घरातल्या डीबीला हात न लावता. वाट उघड्यावरून आहे, तेव्हा ३ कोअर तांब्याची आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल, आणि मी सरळ १० एमएम टाकेन. आजच्या १३ अँपिअरला ४ एमएमही पुरते, पण खणायची आणि फरशी काढून परत बसवायची मजुरी दुसऱ्यांदा देण्यापेक्षा तांबं आजच टाकलेलं बरं. उद्या ३२ अँपिअरचा वॉलबॉक्स आला तर त्याला ४० चा एमसीबी लागतो, आणि पाइपातल्या ६ एमएमवर ४० चा एमसीबी म्हणजे वायर आधी तापणार, एमसीबी नंतर जागा होणार. १० एमएमवर ३२ अँपिअरलाही साडेतीन व्होल्टच पडतात. दोन-अडीच फूट खोल चर, खाली-वर वाळू, वर विटांचा थर. वळण काटकोनात मोडू नका, केबलच्या जाडीच्या बारा पट त्रिज्या सोडा.

मीटरच्या टोकाला आत्ता २५ अँपिअरचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, सी कर्व्ह (क्षणिक झटक्याला न पडणारा). गॅरेजात आयपी ६५ची (धूळ-पाणी आत न जाणारी) छोटी डीबी, तिच्यात २० अँपिअरचा डबल पोल आरसीबीओ (जादा करंट आणि करंटची गळती, दोन्हींवर पडणारा स्विच), गळतीसाठी ३० मिलिअँपिअर, टाइप ए. दुकानात मागितलंत तर बहुतेकदा टाइप एसी हातात येतो, कारण तोच स्वस्त आणि तोच ठेवलेला असतो. घेऊ नका. गाडीच्या चार्जरमधून गळणाऱ्या करंटमध्ये डीसीचा अंश असू शकतो, त्याने टाइप एसीचा गाभा सुस्त होतो आणि खरी गळती झाली तरी तो पडत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही किमान टाइप ए आणि ३० मिलिअँपिअरच लिहिलंय. १६ चा आरसीबीओ कागदावर बसतो, पण पत्र्याच्या गॅरेजात एप्रिल-मेमध्ये बंद डब्यात तापून पडत राहील.

डीबीपासून सॉकेटपर्यंत ४ एमएम. १० एमएमची तार १६ अँपिअरच्या सॉकेटच्या स्क्रूत बसत नाही. मग वायरमन चार तंतू कापून बारीक करतो, आणि जळायला सुरुवात तिथूनच होते. टोकांना पिन लग (तारेवर दाबून बसवायची धातूची पिन) लावून घ्या. सॉकेट मेटल क्लॅड, आयएसआय मार्कचं, जमिनीपासून चार फुटांवर. नियमात किमान ८०० मिमी आहे, पण गाडी धुताना पाइपचं पाणी त्याहून वर उडतं. मल्टिप्लग, कन्व्हर्टर, एक्स्टेन्शन बोर्ड यांतलं काहीही नाही. एक्स्टेन्शनला तर नियमातच मनाई आहे.

पहिल्या दिवशी अर्धा तास चार्ज करून प्लगवर हात ठेवा. कोमट चालेल. हात काढून घ्यावासा वाटला तर चार्जिंग थांबवा आणि स्क्रू बघा. महिन्याभराने मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा आवळा, तांबं दबून थोडं सैल होतंच.

जांभ्या:
वरच्यांनी अर्थिंग सोडलं, आणि अर्ध्या तक्रारी तिथल्याच असतात.

गंजक्या पाइपावर विसंबू नका. तांब्याचा मुलामा असलेला ३ मीटरचा रॉड, १७.२ मिमी जाडीचा, मुलामा २५० मायक्रॉनचा. नाशिकला फूट-दोन फुटांवर मुरूम आणि खाली काळा दगड, घणाने ठोकून रॉड जाणार नाही, डोकं मात्र फुटेल. बोअर मारून घ्या, रॉड उभा सोडा, भोवती बॅकफिल कंपाउंडची २५ किलोची एक-दोन पोती पाण्यात कालवून भरा. मीठ-कोळसा नको, त्या मिठानेच तुमचा जुना पाइप खाल्लाय. आमच्याकडे रत्नागिरीत जांभ्यात एका रॉडवर भागत नाही, दोन-तीन जोडावे लागतात. त्यांच्यात किमान ३ मीटर अंतर हवं, जवळजवळ ठोकले तर पैसे वाया.

नवा रॉड घराच्या जुन्या अर्थिंगलाही जोडा. गाडीचं अर्थिंग वेगळं आणि घराचं वेगळं, असं ठेवू नका.

रीडिंग ५ ओहमच्या आत हवं, आणि ते मे महिन्यात घ्या. पावसाळ्यात कुठलाही खड्डा चांगलाच दाखवतो. कंत्राटदार जुलैत मोजून कागद देतात तो कागद जपून ठेवण्यापलीकडे कामाचा नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या. ५ ओहम मिळाले म्हणून आरसीबीओ टाळता येत नाही. फेज बॉडीला लागला तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहणार. सी कर्व्हचा २० चा एमसीबी झटक्यात पडायला शंभर ते दोनशे अँपिअर लागतात. ४६ वर तो तापून पडेल, त्याला मिनिटभरही लागू शकतं, आणि तोवर गाडीचा पत्रा जिवंत. आरसीबीओ ३० मिलिअँपिअरलाच तोडतो.

युनिट मोजणारा:
मीटरचं बघू. स्वतःची गाडी घरच्या मीटरवर चार्ज करायला परवानगी लागत नाही, दरही घरगुतीच लागतो. प्रश्न स्लॅबचा. महिन्याला १५०० किमी म्हणजे मीटरवर अंदाजे २४० युनिट. घराचा वापर १८० धरला तर बेरीज ४२०, म्हणजे १२० युनिट ३०१ ते ५०० च्या महाग स्लॅबमध्ये पडतात. लक्षात घ्या, महाग दर त्या १२० युनिटांनाच लागतो, अख्ख्या बिलाला नाही. वेगळ्या ईव्ही मीटरला स्लॅब नाही, पण त्याचा स्थिर आकार वेगळा, अनामत वेगळी, दुसरी केबल वेगळी. चालू दरपत्रक समोर ठेवून १२० युनिटांवर किती वाचतात ते काढा, बहुतेक उत्साह मावळेल. उन्हाळ्यात एसीने घराचाच वापर ३००-४०० वर जात असेल तर गणित उलटतं.

सोलर नक्की असेल तर वेगळा मीटर अजिबात नको. नेट मीटरिंग घरच्या मीटरवर होतं, छताचे युनिट तिथेच वळते होतात. गाडी दुसऱ्या मीटरवर असेल तर तिला त्यातलं काही मिळत नाही. छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ३ किलोवॅट आणि त्यापुढे ७८,००० वर थांबतं. गाडीचा वापर बिलावर दिसायला लागला की मगच पॅनेलचा आकार ठरवा.

मंजूर भार मात्र आजच वाढवा. एसी १.६, गिझर २, मोटर पाऊण-एक, गाडी ३. सगळं एकदम लागलं तर साडेसातच्या घरात जातं. ५ किलोवॅट करून घ्या, सिंगल फेजच राहू द्या, थ्री फेजचा दरमहा स्थिर आकार बराच जास्त आहे. अर्ज महावितरणच्या पोर्टलवर होतो, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. गाडीत टायमर लावून रात्री अकरानंतर चार्जिंग ठेवा, म्हणजे गिझर आणि मोटरशी गाठ पडत नाही. मीटरखालचा मेन स्विच जुना पोर्सेलिनच्या फ्यूजचा असेल तर या कामातच बदला.

निफाडकर:
सगळ्यांचे आभार. १० एमएम आर्मर्ड आणि नवा रॉड पक्कं केलं. दोन शंका. वायरमन म्हणतो चार्जरच्या डब्यावर लाल दिवा लागला तर सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग यांत जंपर (जोडतारेचा तुकडा) टाकला की भागतं, सगळे तेच करतात. आणि शेजारच्या घरी आरसीबीओ लावलाय तो गाडी लावली की पडतो, गाडी शोरूमच्या चार्जरवर नीट चालते. तसं आपल्याकडे झालं तर?

ताराबंद:
जंपर टाकू देऊ नका, कितीही आग्रह केला तरी. लाल दिवा म्हणजे चार्जरला अर्थिंग सापडत नाही. जंपरने त्याला न्यूट्रलच अर्थिंग म्हणून दाखवलं जातं. मग खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल सुटला की घरातल्या उपकरणांतून येणारा फेज त्या जंपरमधून थेट गाडीच्या पत्र्यावर. बाहेर मुलं पावसात अनवाणी. जंपर आरसीबीओच्या आधी, मीटरच्या बाजूला असेल तर आरसीबीओला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्याऐवजी मल्टिमीटर लावा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखे आले पाहिजेत. न्यूट्रल-अर्थ रिकाम्या सॉकेटवर २ व्होल्टच्या आत. गाडी लावल्यावर एक-दोन व्होल्ट वाढणं ठीक, पण ८-१० वर गेलं तर न्यूट्रलचा एखादा जोड सैल आहे, बहुतेक मीटरच्या टोकाला. फेज-अर्थ ९०-१०० असं काहीतरी अधांतरी दाखवलं तर अर्थिंगची तार कुठेतरी तुटलेली आहे.

शेजाऱ्यांचं बहुतेक न्यूट्रलचं दुखणं आहे. फेज आरसीबीओतून आणि न्यूट्रल डीबीतल्या सामाईक पट्टीवरून, किंवा इन्व्हर्टरच्या न्यूट्रलशी एक झालेला. आरसीबीओला जाणारा करंट दिसतो, परतणारा दिसत नाही, तो पडणारच. तुमची लाइन मीटरपासून स्वतंत्र असली की हा प्रश्न उरत नाही, फक्त गॅरेजातला दिवा किंवा मोटरचा पॉइंट या न्यूट्रलवर घेऊ नका. वायरमन सोयीसाठी हमखास घेतो, काम संपायच्या आत डीबी उघडून बघा: आरसीबीओच्या खालून एकच फेज, एकच न्यूट्रल.

जांभ्या:
सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक उसळलेला दाब अर्थिंगकडे वळवणारा) राहिला. टाइप २चा, गॅरेजच्या डीबीत, आरसीबीओच्या आधी. अर्थिंगची तार त्याला आखूड आणि सरळ द्या, गुंडाळून ठेवू नका. डीबीत केबल खालून ग्लँडने (केबल घट्ट धरणाऱ्या बुचाने) घ्या, वरून नको, आणि ग्लँडची राहिलेली भोकं बुजवा, पाली आत शिरून चिकटतात. आरसीबीओचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा, गाडी काढून ठेवलेली असताना.