हॉस्पिटलचं स्टोअर 'ग्रीन' करायचंय, सुरुवात कुठून करू?

फोंड्याची स्टोअरवाली:
नमस्कार मंडळी. फोंड्यात 40 खाटांच्या एका हॉस्पिटलात खरेदी बघते. परवा मीटिंगमध्ये सरांनी जाहीर केलं की आता आपण पर्यावरणपूरक, आणि काम पडलं माझ्या गळ्यात. सरांच्या डोक्यात आहे एक इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आणि तिच्यावर हिरवं पान रंगवायचं. मला मात्र दिसतात ते थर्माकोलचे डबे, चवथीच्या मखराचा थर्माकोल बंद झाला पण इन्सुलिन नि लशींबरोबर आलेले डबे आमच्या जिन्याखाली छताला टेकलेत. वर दिवसाला तीन-चार स्टॉकिस्टची पोरं येतात, कोणी मडगावहून कोणी पणजीहून, कधी एका इंजेक्शनसाठी. आणि गंमत म्हणजे स्ट्रिपवर 'वेर्णा, गोवा' छापलेलं आणि बिल परराज्यातल्या डेपोचं, म्हणजे गोळी घाट चढून गेली आणि उतरून परत आली! मी करू काय?

म्हापशेकर:
बाय, ते पान राहू दे, आधी एक्स्पायरीचं कपाट उघड. सहा महिन्यांत काय काय फुकट गेलं त्याची यादी काढ. औषध बनवलं, आणलं, फ्रिजात सांभाळलं आणि शेवटी पिवळ्या पिशवीतून कुंडईच्या मेडिकल कचऱ्याच्या प्लँटला जाळायला पाठवलं, पेशंटच्या पोटात काहीच नाही. आमच्याकडे निघालं ते बहुतेक स्कीमचं, दहावर एक फुकट म्हणून उचललेलं. मग एबीसी-व्हेड (म्हणजे कशावर किती पैसा जातो आणि कशावाचून किती अडतं अशी वर्गवारी) करून बघितलं, सलाइन, ग्लोव्हज, गॉज यांना मागवायचे वार सोमवार-गुरुवार ठरवून दिले, आणि रॅकमध्ये जवळच्या तारखेचा माल पुढे. अ‍ॅड्रेनालिन, अ‍ॅट्रोपिनसारख्यांना मात्र काटकसर लावू नको हां, ती जास्तच ठेवायची, पावसात अनमोड नाहीतर चोर्ल्याच्या घाटात दरड आली की कळतं का ते.

मडगावचा स्टॉकिस्ट:
शिव्या आम्हालाच बसणार म्हणून आधीच लिहितो 😄 संध्याकाळी सहाला फोन येतो, आत्ताच्या आत्ता पाहिजे, मुलगा बोरीच्या पुलावरून एक डबा घेऊन जातो, बिल 380 रुपये. आणि तो डबा अर्जंट होता का, तर नाही, सकाळी ऑर्डर द्यायची विसरली. वार ठरवा, आम्हालाही पाहिजे तेच.
थर्माकोल परत द्या की, मुलगा नाहीतरी रिकामाच येतो. फक्त झाकण घट्ट बसतं का, भेग नाही ना ते बघा. डब्यात थंडाव्याला घालतात ते जेल पॅक डीप फ्रीजरमधून काढून लगेच लशीला चिकटवून ठेवू नका, जरा घाम सुटू दे त्याला. हिपॅटायटिस बी, टिटॅनसची लस गोठली की गेली, मग डबा वाचवायच्या नादात आतला मालच टाकायची वेळ.

भूलवाला डॉक्टर:
वरचं दोघांचं पटलं. हेल्थ केअर विदाउट हार्म ही संस्था आणि अरुप ही सल्लागार कंपनी यांचा 2019 चा अहवाल आहे, त्यात जगभरच्या आरोग्यसेवेच्या उत्सर्जनातला 71 टक्के वाटा सप्लाय चेनचा धरलाय, म्हणजे वस्तू बनण्यापासून फेकण्यापर्यंत सगळं. सरांची गाडी त्यात कुठेतरी कोपऱ्यात.
तुमच्या ऑपरेशन थिएटरात भुलीसाठी डेस्फ्लुरेन घेतात का ते बघा. कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पट तापवतो तो वायू, स्कॉटलंडने 2023 मध्येच बंद केला, भुलीचाच सेव्होफ्लुरेन त्या मानाने कितीतरी बरा, आणि तोही लो फ्लोवर, म्हणजे मशीनमधला वायूचा प्रवाह कमी ठेवून, वापरला तर बाटली जास्त दिवस पुरते. नायट्रसचे (नायट्रस ऑक्साइड, हाही भुलीचा वायू) सिलिंडर किती आले आणि टेबलावर खरंच किती लागले हे एकदा जुळवा, पाइपलाइनमध्ये गळत असेल तर तिथेच सापडेल. दम्याच्या पंपातला वायूही असलाच तापवणारा, ज्याला जमतं त्याला रोटाकॅप (ओढून घ्यायची पावडरची कॅप्सूल) चालते. पण ते डॉक्टर ठरवणार, परचेस ऑर्डर नाही!!

फोंड्याची स्टोअरवाली:
देव बरें करूं सगळ्यांना. आज कपाट उघडलं. स्कीमच्या अँटिबायोटिकचे दोन अख्खे कार्टन निघाले, एकाची तारीख पुढच्या महिन्याची, ते स्टॉकिस्टला परत घ्यायला लावते. डेस्फ्लुरेन आमच्याकडे नाही, पण नायट्रसचा हिशोब काही केल्या जुळत नाही, उद्या पाइपलाइनवाल्याला बोलावलंय. सरांना अजून काही बोलले नाही. गाडीचं कोटेशन आलंय म्हणे, पान दोन्ही बाजूंना.